टाकीपासून ग्लासापर्यंत

यंदाच्या अंकाचं सूत्र 'पंचक्रोशी' आहे, असं संपादकांनी कळवलं. आपल्या आसपास पिकणारं, बनणारं, विकलं जाणारं काहीही निवडा म्हणाले. मी बिअर निवडली. पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. उसाचा रस, नीरा, गेला बाजार मस्तानी असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. "पण बिअर आपली कशी?" त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. पुण्याच्या कडेकडेनं, मुंढवा-बालेवाडीपासून पार हिंजवडीपर्यंत, जागेवर बिअर बनवून जागेवरच विकणाऱ्या मायक्रोब्रुअरी आता सवयीच्या झाल्या आहेत. कुठल्या टाकीत काय शिजतंय, कोणता केग आज उघडला, कोणत्या ब्रुअरनं नोकरी बदलली, याची खबर ठेवणं हा शहरातल्या बऱ्याच लोकांचा छंद आहे आणि मीही त्यातलाच. पण त्या बिअरमध्ये पंचक्रोशीतलं नेमकं काय, हे तपासायला मी कधी गेलो नव्हतो. म्हणून सुरुवात केली ती एका ब्रुअरीच्या कोठारापासून.

कोठारात पंचवीस-पंचवीस किलोची पोती रचलेली होती. बरीचशी जर्मनीच्या बांबर्गहून आलेली, काही बेल्जियमची. त्यांत मॉल्ट, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं सातू. कोपऱ्यातल्या डीप फ्रीझरमध्ये हॉप्सची चंदेरी पाकिटं होती, अमेरिकेच्या याकिमा खोऱ्यातली आणि बव्हेरियाच्या हालरटाऊमधली. यीस्टचं पाकीट युरोपातलं. देशी म्हणावं तर गहू, आणि राजस्थान-हरियाणाकडच्या सातूचं थोडं मॉल्ट. हॉप्स आपल्याकडे का नाहीत, याचं कारण सूर्य. या वेलीला फुलोरा धरण्याआधी उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. पुण्याचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. हिमाचलमधल्या लाहौलमध्ये कधीकाळी हॉप्सची लागवड झाली होती, पण आपल्या ब्रुअरीच्या कोठारात ते दिसत नाहीत.

म्हणजे संपादकांची शंका खरीच ठरत होती. सातू तिकडचं, हॉप्स तिकडचे, यीस्ट तिकडचं. राहता राहिलं पाणी.

खडकवासला, टँकर आणि जिप्सम

पाण्याबद्दल पुणेकर हळवा असतो. खडकवासल्याच्या पाण्याची चव मुंबईकराला कशी कळणार, वगैरे. ब्रुअर मात्र त्या पाण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. मी गेलो त्या ब्रुअरीतला ब्रुअर मूळचा कराडचा, रसायनशास्त्राचा पदवीधर. आधी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होता. आपल्याकडे या धंद्यात येणारे बरेच जण त्याच वाटेनं येतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्काचं तंत्रज्ञान शिकवलं जातं आणि तिथून निघालेली मुलं कारखान्यांत, वायनरींत, ब्रुअरींत पांगतात. "डिस्टिलरीत जे बनतं त्याला चव नसली तर ते चांगलं," तो म्हणाला, "इथं चव नसली तर माझी नोकरी जाईल."

शहराच्या नव्या भागात महापालिकेच्या नळापेक्षा टँकरचा भरवसा जास्त. टँकरचं पाणी कधी विहिरीचं, कधी बोअरचं. आज जड, उद्या हलकं. अशा पाण्यावर एकसारखी बिअर होत नाही. म्हणून सगळं पाणी आधी आरओतून काढून कोरं करतात आणि मग त्यात जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड मोजून घालतात. जिप्सम वाढवलं की हॉप्सचा कडूपणा टोकदार होतो, क्लोराइडनं बिअर गुबगुबीत लागते. पिल्सन शहराचं पाणी, म्युनिचचं पाणी, लंडनचं पाणी असं हवं ते पाणी मुंढव्यात तयार करता येतं. एक लिटर बिअरमागे धुण्या-निवण्यासकट पाच ते सात लिटर पाणी जातं, लहान ब्रुअरीत त्याहूनही जास्त. मे महिन्यात टँकर लांबला की ब्रू लांबतो.

पंचक्रोशीच्या हिशेबात पाणीही असं अर्धंच धरावं लागलं.

सकाळी सात वाजताचं काम

मायक्रोब्रुअरी म्हटली की लोकांना काचेपलीकडची तांब्याची चकचकीत भांडी आठवतात. ती संध्याकाळची. सकाळी सातला तिथं गमबूट घातलेले दोघे-तिघे, ओली फरशी आणि पातळ पेजेसारखा वास असतो.

पाचशे लिटरच्या ब्रूला साधारण शंभर किलो मॉल्ट लागतं. ते गिरणीत भरडतात. पीठ करायचं नाही. दाणा फुटला पाहिजे पण टरफल शाबूत राहिलं पाहिजे, कारण पुढे तेच टरफल गाळणीचं काम करतं. भरड सहासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर मुरते. मोड आणताना दाण्यात जागी झालेली विकरं इथं स्टार्चची साखर करतात. तापमान दोन-चार अंश खाली ठेवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी, हलकी उतरते. वर नेलं तर न खाल्ली जाणारी साखर उरते आणि बिअर भरीव लागते. आपण ग्लास हातात घेऊन 'बॉडी आहे' म्हणतो, तो निर्णय सकाळी आठच्या सुमारास एका थर्मामीटरवर झालेला असतो.

मोड आणणं, वाळवणं, भाजणं, भरडणं हे काही आपल्याला नवीन नाही. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करणारी प्रत्येक आजी हेच करते. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवायची, मंद भाजायची, दळायची. त्यानं सत्त्व पचायला हलकं होतं, याचं कारणही तेच विकर. हे मी ब्रुअरला सांगितलं तर म्हणाला, "सर, आमच्याकडे बाळं नाही येत, २१ पूर्ण लागतात." महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस अशी वयाची अट आहे.

गाळलेला गोड रस म्हणजे वर्ट. तो तासभर उकळतो. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी घातलेले वास देतात. मग तो झटपट अठरा-वीस अंशांवर आणायचा असतो. जर्मनीत नळाच्या थंड पाण्यानं हे भागतं. पुण्यात एप्रिलमध्ये टाकीतलं पाणीच तीस अंशांवर असतं, त्यामुळे आधी साधं पाणी आणि मग चिलरचं गार पाणी अशा दोन पायऱ्या लागतात. वीज गेली तर जनरेटर. स्थानिक बिअरच्या किमतीत डिझेलचा वाटा असतो.

दुपारी गाळणीतून चोथा निघाला. वाफाळता, गोडसर. मागच्या दाराशी छोटा टेम्पो उभा होता. तो भरून एका गोठ्यात जातो. म्हशींना चोथा आवडतो, पण आंबायच्या आत, त्याच दिवशी घालावा लागतो, म्हणून गोठेवाल्याला ब्रूचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. टेम्पोवाला मला म्हणाला, "गव्हाचा ब्रू असला की माल जड येतो." कोणती बिअर शिजते आहे हे त्याला वजनावरून कळतं. ब्रुअरीच्या मेनूवर नजर ठेवणाऱ्या आम्हा हौशींपेक्षा हा माणूस पुढे आहे.

उरलेला दिवस धुण्यात जातो. कॉस्टिक, मग पाणी, मग पेरॅसिटिक अॅसिड. बिअर बनवणं म्हणजे तीन चतुर्थांश भांडी घासणं, असं या धंद्यातले लोक सांगतात. ते गमतीनं म्हणत असतील असं मला आधी वाटायचं.

टाकीचं भाडं

पुण्यात कुठल्याही मायक्रोब्रुअरीत जा, पहिला नळ हेफेवायझनचा असतो. ढगाळ पिवळी, केळ्याचा आणि लवंगेचा वास असलेली गव्हाची बिअर. त्यात ना केळं असतं ना लवंग. हे वास त्या विशिष्ट यीस्टचे. आंबवण जरा उबदार ठेवलं तर केळं वर येतं, थंड ठेवलं तर लवंग. हीच बिअर सगळीकडे का, याचं उत्तर चवीत थोडं आणि हिशेबात जास्त आहे.

हेफेवायझन दहा-चौदा दिवसांत तयार होते. गाळावी लागत नाही, गढूळपणा हाच तिचा गुण. कडूपणा कमी, म्हणून आयुष्यभर बाटलीतली बिअर प्यायलेल्या माणसालाही ती पहिल्या घोटात पटते. याउलट चांगली लागर थंड टाकीत चार ते सहा आठवडे निवांत पडून राहते. ब्रुअरीतल्या टाक्या मोजक्या असतात. जेवढ्या वेळात लागरची एक खेप होते, तेवढ्यात हेफेवायझनच्या दोन-तीन होतात. कोरेगाव पार्क-मुंढव्याचं जागाभाडं देणाऱ्या मालकानं टाकी कुणाला द्यावी? सर्वांत साधी दिसणारी, सोनेरी, स्वच्छ लागर ही मायक्रोब्रुअरीतली महागडी चैन आहे. तिथं कुणी चांगली लागर ठेवत असेल तर तो माणूस हिशेबापेक्षा बिअरवर जास्त प्रेम करतो, असं मी खुशाल समजतो. शिवाय लागरमध्ये लपवायला जागा नसते. आयपीएमधली चूक हॉप्स झाकतात, स्टाउटमधली चूक काळं मॉल्ट झाकतं.

ही गव्हाची वाट पाडली डूलालीनं. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी २००९ मध्ये पुण्यातल्या कोरिन्थियन्स हॉटेलात ती सुरू केली. ब्रूमास्टर जर्मन, ऑलिव्हर शाऊफ. महाराष्ट्रातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. त्या वेळी शहराच्या टोकाला जाऊन गढूळ बिअर पिणाऱ्यांना बाकीचे मित्र हसायचे. बिअर म्हणजे बर्फासारखी गार, पारदर्शक आणि शक्यतो स्ट्राँग, एवढीच व्याख्या होती. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये अजूनही स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे, हे विसरून चालणार नाही. आम्ही सगळे मिळून या धंद्याच्या काठावरचे लोक आहोत.

नंतर पुण्यात इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिनगट आली, बंगळुरूचं टॉइट आलं. मुंबईत लोअर परळला २०१३ मध्ये ग्रेग क्रॉइट्श या अमेरिकन माणसानं बार्किंग डिअर काढलं, तिथली पहिली ब्रूपब. आणि गेटवे ब्रुइंगनं आपली ब्रुअरी टाकली ती डोंबिवलीच्या एमआयडीसीत. त्यांची 'व्हाइट झेन' वांद्र्याच्या बारमध्ये पिणाऱ्या किती जणांना ती डोंबिवलीहून येते हे ठाऊक असेल कोण जाणे. साहित्य संमेलनं आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रा यांच्याबरोबर डोंबिवलीच्या सांस्कृतिक खात्यात ही नोंदही व्हायला हवी.

प्रकृतीसाठी आवश्यक

ब्रुअरीत एका भिंतीवर बारीक अक्षरांचे फलक आणि टेबलावर जाड रजिस्टरं असतात. मॉल्ट किती आलं, वर्ट किती झालं, टाकीत किती, केगमध्ये किती, सांडलं किती, सगळं लिहायचं. राज्य उत्पादन शुल्क विभागाचं लक्ष पाइपावर, टाकीवर, मापावर असतं. बिअर अजून कोणाच्या घशात उतरायची असते, पण कागदावर तिचा जन्म झालेला असतो.

कारण आपण ज्या कायद्याखाली पितो तो मुळात दारूबंदीचा कायदा आहे, १९४९ चा. त्यानुसार महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी, बाळगण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आजन्म हवा असेल तर हजारात. आणि हे पेय आपल्याला प्रकृती राखण्यासाठी लागतं असं गृहीत धरून तो मिळतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त बँक अधिकारी आजन्म परवाना प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आधार कार्डामागे ठेवतात. ब्रुअरीत कुणी पाहत नाही, पण त्यांना कागदपत्रं पूर्ण लागतात.

घरी हौस म्हणून बिअर आंबवणं आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा आहे. अमेरिकेतली क्राफ्ट बिअर घरच्या गॅरेजमधून मोठी झाली. आपल्याकडे ती गॅरेजची पायरीच नाही. त्यामुळे इथला हौशी माणूस बनवून शिकत नाही, पिऊन शिकतो. आपल्या छंदाला जरा जास्त बोलका, जरा जास्त टीकाखोर स्वभाव आला आहे, तो मला वाटतं यातूनच.

कायदा दुसऱ्या बाजूनंही बोलतो. याच राज्यात वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. याच राज्यात गावातल्या बायका मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली यांतून आडवीवर शिक्का मारून दुकान बंद करू शकतात, आणि केलीही आहेत. त्या बायकांनी जे सोसलं ते देशी-विदेशीच्या दुकानांमुळे. साडेतीनशे-चारशे रुपयांचा ग्लास हुंगत बसणाऱ्या आमच्या टोळीचा त्याच्याशी संबंध नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते तेवढं सोपं वाटत नाही. मद्यार्क तोच आहे. आमच्याकडे फक्त टॅक्सीला पैसे आहेत.

या नियमांचा एक परिणाम मात्र माझ्या शोधासाठी कामाचा ठरला. मायक्रोब्रुअरीची बिअर बरीच वर्षं गिऱ्हाइकाला घरी नेता येत नव्हती. २०२० मध्ये टाळेबंदीत टाक्या भरलेल्या आणि दारं बंद, अशी वेळ आली तेव्हा ताजी बिअर पार्सल द्यायची मुभा मिळाली आणि लोक बरण्या घेऊन गेले. पण एरवी ती बहुतेक जिथं बनली तिथंच संपते. तिला प्रवासच नाही. पंचक्रोशी वगैरे सोडाच, तिचा सगळा जन्म पंधरा मीटरच्या पाइपात होतो.

टेबलं जोडून

आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना, एका ब्रुअरीच्या वरच्या मजल्यावर काही मंडळी टेबलं जोडून बसतात. भोसरीत स्वतःचं वर्कशॉप असलेला एक जण, एक दंतवैद्य, दोन आयटीवाल्या मुली, आणि रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात. मित्र 'आज बसू' म्हणतात तेव्हा जे अपेक्षित असतं, ते इथं घडत नाही. चखणाही नसतो, फार तर साधे चुरमुरे, कारण तिखट-मिठानं जीभ बधिर होते.

पद्धत अशी. ग्लास आला की आधी फक्त हुंगायचं. वास पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त असतो. दोन-तीन छोटे श्वास, मग ग्लास बाजूला. मग रंग, फेस. मग घोट, आणि तो गिळायचा. वाइनसारखं थुंकायचं नाही, कारण कडूपणा शेवटी घशाशी कळतो. अमेरिकेतल्या परीक्षकांच्या संस्थेचा, बीजेसीपीचा, पन्नास गुणांचा तक्ता आहे. त्यात वासाला बारा, दिसण्याला फक्त तीन, चवीला वीस, तोंडातल्या स्पर्शाला पाच, एकूण परिणामाला दहा. दिसण्याला तीनच, हे मला फार आवडतं. मोबाइलवर फोटो टाकणाऱ्यांचं गणित बरोबर उलटं असतं.

एके दिवशी दोषांचा वर्ग होता. मॅडमनी एकाच साध्या लागरचे पाच ग्लास भरले आणि चारांत दोषांच्या कॅप्सूल फोडून टाकल्या. पाचवा तसाच. कुठला कुठला ते सांगितलं नाही. पहिल्यात लोणी, थेटरातल्या पॉपकॉर्नचं. हे डायअॅसिटिल. यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही, टाकी घाईनं गार केली, की राहतं. दुसऱ्यात हिरवं, कच्चं सफरचंद. तीही घाईचीच खूण. तिसऱ्यात उकडलेल्या मक्याचा वास, वर्ट नीट उकळला नाही म्हणून येणारा. चौथ्यात ओला पुठ्ठा. हा हवेचा आणि उष्णतेचा, बिअर जुनी झाल्याचा. वर्कशॉपवाले पुठ्ठ्याचा ग्लास हुंगून म्हणाले, "ही तर मला घरची वाटते. आम्ही कॉलेजात असताना बिअर अशीच लागायची."

सगळे हसले. मॅडमनी मात्र ते गंभीरपणे घेतलं. उन्हात ट्रकमध्ये, मग बिनफ्रिजच्या गोदामात, मग दुकानाच्या दारात ठेवलेली बाटली महिनोन् महिने तापते. आपल्याकडे कित्येकांच्या मनातली बिअरची मूळ चव ही त्या तापलेल्या बिअरचीच चव आहे. "तुम्हाला डूलालीची पहिली व्हीट बिअर वेगळी का लागली?" त्या म्हणाल्या. "गहू असेल, यीस्ट असेल. पण तुम्ही त्याआधी ताजी बिअर प्यायलाच नव्हता."

लोण्याची परीक्षा ब्रुअरीतही होते, टाकी थंड करायच्या आधी. थोडी बिअर झाकलेल्या भांड्यात साठ अंशांवर वीस मिनिटं तापवायची, गार करायची आणि हुंगायची. लपलेलं लोणी वर येतं. आलं तर टाकी आणखी दोन दिवस उबदार ठेवायची. शनिवार तोंडावर असेल आणि मालक जिन्यात उभा असेल तर हे दोन दिवस मागणं सोपं नसतं. ब्रुअर चांगला की नाही हे अशा वेळी कळतं.

कोकम, हापूस, जोंधळा

स्थानिक म्हटलं की ब्रुअरीचा मेनू फळांकडे वळतो. त्यातलं काही खरोखर उत्तम आहे. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची, नकुल भोसले यांची, मीठ घातलेली कोकम एल हे माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत विचारी काम. जर्मनीत गोझ नावाची आंबट-खारट बिअर जुनी आहे, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. आंबट आणि खारट हे कोकमाचं मूळ घरच. कोकणातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

हापूसची गोष्ट वेगळी. आंब्याचा गर टाकीत घातला की त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो तो गोडाविना आंबा, आणि गोडाविना हापूस ही कल्पनाच आपल्याला सोसत नाही. मग कुणी गर शेवटी घालतं, कुणी अर्क घालतं. दर मेमध्ये हे प्रयोग होतात, दर मेमध्ये आम्ही ते पितो आणि दर मेमध्ये घरी जाऊन आंबा चोखतो.

मधाचं मात्र जमलं. पुण्यातल्या मूनशाइन मीडरीनं, रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी, मध आंबवून मीड काढली. ती बिअर नव्हे, पण पिणारे तेच.

ज्वारी-बाजरीबद्दल ब्रुअर उत्साहानं बोलतात आणि हात आखडता घेतात. ज्वारीच्या स्टार्चला शिजायला सातूपेक्षा जास्त उष्णता लागते, तिच्या मोडात विकरं कमी, आणि सातूसारखं टरफल नसल्यानं गाळणीत चिखल होतो. आफ्रिकेत ज्वारीच्या बिअरची थोर परंपरा आहे, सिक्कीम-दार्जिलिंगकडे नाचणीची तोंगबा पितात. म्हणजे अशक्य काही नाही. नाचणीचा मोड तर भरडधान्यांत विकरांच्या बाबतीत उजवा. पण शंभर किलो नाचणीला एकसारखे मोड आणून, वाळवून देणारा मॉल्टवाला हवा. तो उभा राहिला तर पंचक्रोशीच्या बिअरबद्दल जरा गंभीरपणे बोलता येईल. तोवर कोकमाचं सरबत ओतून बिअर 'मराठी' झाल्याचं सांगणाऱ्या मेनूकार्डांकडे मी दुर्लक्ष करतो.

केग बाहेर पडतो तेव्हा

सगळीच बिअर जागेवर संपत नाही. केगमध्ये भरून बारना पुरवणाऱ्या ब्रुअरीही आहेत. केग वीस, तीस किंवा पन्नास लिटरचा. आत बिअर चार अंशांवर, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली. बाहेर हडपसरची वाहतूक आणि चाळीस अंशांचं ऊन. केग बारला पोचला की तो फ्रिजमध्ये जातो की जिन्याखाली, हे ब्रुअरच्या हातात नसतं. मग नळापर्यंतची नळी. ती दोन आठवड्यांनी धुवायची असते. नाही धुतली तर तिच्यात जिवाणू घर करतात आणि उत्तम बिअर व्हिनेगरसारखी किंवा लोण्यासारखी लागते. दोष ब्रुअरीच्या नावावर जातो.

म्हणून बारमध्ये बसताना आम्ही मेनू नंतर वाचतो. आधी ग्लास बघतो. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. बिअर प्यायल्यावर फेसाच्या कड्या काचेवर राहत असतील तर धुतलेला आहे. मग विचारायचं की केग कधी उघडला. बहुतेक ठिकाणी वेटर आत जाऊन विचारून येतो. काही ठिकाणी तो आमच्याकडे असा बघतो, जणू आम्ही अन्न निरीक्षक आहोत. एके ठिकाणी वेटरनं सरळ सुचवलं होतं, "एवढा विचार असेल तर स्ट्राँग घ्या ना, साहेब."

गोव्यात चित्र निराळं. तिथं कॅन आहेत. गोवा ब्रुइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' आयपीए, बंगळुरूच्या आर्बरची गोव्यात बनणारी 'बीच शॅक'. म्हापशाच्या साध्या दुकानात या सहज मिळतात, गिऱ्हाईक मासळीची पिशवी सावरत त्या घेतं, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मला तो साधेपणा आवडतो. पण आयपीएचा वास हॉप्सच्या तेलांचा असतो आणि ती तेलं उष्णतेत काही आठवड्यांत विरतात. बनल्यापासून तीन आठवड्यांत, थंड ठेवलेली मिळाली तर तिच्यात संत्र्याची साल आणि राळ असते. सहा महिने दुकानाच्या मांडणीवर राहिली तर कडू पाणी. कॅन तोच, नाव तेच, छापील किंमतही तीच.

संपादकांना मी उत्तर कळवलं ते असं. या बिअरमध्ये आपल्या मातीचं फारसं काही नाही, निदान अजून तरी. आपला आहे तो तिचा ताजेपणा. बांबर्गचं मॉल्ट आणि याकिमाचे हॉप्स समुद्र ओलांडून येऊ शकतात, कारण ते कोरडे आणि बंद असतात. तयार बिअर तशी येत नाही, वाटेत तिचं काहीतरी जातंच. माझ्या हिशेबात डोंबिवलीहून थंड गाडीतून आज आलेला केग पुण्यात स्थानिक आहे, आणि माझ्या गल्लीच्या टोकाला गेल्या होळीपासून उन्हात उभी असलेली बाटली परदेशी. आमच्या टेबलावर हे सगळ्यांना मान्य नाही. दंतवैद्य म्हणतात की सातू महाराष्ट्रात पिकत नाही तोवर स्थानिक हा शब्दच वापरू नये.

आमच्या भागातल्या बिअर शॉपीचे मालक हा वाद बरेच दिवस ऐकत आले आहेत, कारण कॅन उलटा करून तळाची तारीख वाचणारे आम्हीच. सुरुवातीला ते वैतागायचे. "अहो, एक्सपायरीला अजून चार महिने आहेत!" एक्सपायरी नाही, बनल्याची तारीख बघतोय, असं सांगितलं की आणखी वैतागायचे. मग एकदा त्यांनीच दोन तारखांचे कॅन घरी नेऊन शेजारी-शेजारी पिऊन पाहिले. त्यावर ते काही बोलले नाहीत. हल्ली मात्र नवी खेप आली की तिच्यातले थोडे कॅन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मागे ठेवतात आणि गल्ल्यावरूनच सांगतात, "वरचे घेऊ नका. गुरुवारी गाडी आली, खालून काढा."